खेड्यातल्या लेकीला जपानी शिकायचंय: पंधरा दिवसांची सहल घ्यावी, की दुसरी वाट आहे?

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. पुसद तालुक्यातल्या एका गावातून लिहितो आहे. चार एकर कोरडवाहू वावर, पऱ्हाटी आणि तूर. एकुलती एक लेक अकरावीला आहे, कला शाखेत.

आठवीत असताना शाळेची सहल नागपूरला गेली होती. कामठीचं ड्रॅगन पॅलेस, म्हणजे जपानी देणगीतून झालेलं बौद्ध मंदिर, पाहून आली आणि रात्री जेवताना म्हणाली, बाबा, जपानी लोक लिहितात कसे, वरून खाली की आपल्यासारखं आडवं? मला काय माहीत. तिनंच शोधलं. आज तिला त्यांच्या दोन्ही लिप्या पाठ आहेत आणि दीडशेच्या आसपास कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, येतात. कृषी केंद्रवाले दरवर्षी कॅलेंडर देतात, त्यांच्या पाठकोऱ्या बाजू तिच्या अक्षरांनी भरल्या आहेत. शिकवणारं कोणी नाही. मोबाइल आहे, आणि गच्चीवर गेलं तर रेंज.

मागच्या महिन्यात कॉलेजात शहरातल्या एका एजन्सीची माणसं आली. ‘जपान भाषा व संस्कृती अभ्यास सहल’, १५ दिवस, २,८०,००० रुपये, शेवटी प्रमाणपत्र. आठ दिवसांत चाळीस हजार भरा, जागा राखून ठेवतो म्हणाले. लेकीनं काहीच मागितलं नाही. पत्रक देवळीत ठेवून दिलं, तेवढंच. मीच काढून वाचलं.

यंदाची तूर विकून आणि तिच्या आईचं थोडं सोनं मोडून पैसे उभे होतील, पण एकदाच. चुकीच्या जागी गेले तर पुढची तीन वर्षं काही हाती येणार नाही. मेहुणे म्हणतात वेडेपणा आहे. मला तिला नाही म्हणायचं नाही, आणि आंधळेपणानं हो पण म्हणायचं नाही. पंधरा दिवसांत भाषा येते का? दुसरा मार्ग असतो का? ज्यांची मुलं गेली, जे स्वतः गेले, त्यांनी सांगावं.

पैनगंगाकाठ

भाऊ, चाळीस हजार भरू नका. आधी त्याईले एकच गोष्ट इचारा, विजा कोणता काढून देता? तेच्यावर काय म्हनतात ते इथं लिवा. मंग बोलू.

निळा_पळस

दारव्ह्याचा आहे, सध्या ओसाकात. वर पैनगंगाकाठ यांनी विचारलं तो प्रश्न अगदी नेमका आहे. पंधरा दिवसांची सहल म्हणजे थोड्या दिवसांच्या पाहुण्याचा व्हिसा. मंदिरं, बुलेट ट्रेन, किमोनो घालून फोटो, दोन-चार सकाळी भाषेचा वर्ग. पाहायला छानच आहे, पण ते प्रमाणपत्र पुढे कोणत्याही शाळेत, विद्यापीठात किंवा इमिग्रेशनमध्ये कामाला येत नाही. पाहायलाच जायचं असेल आणि पैसे अंगावर येत नसतील तर जा. भाषेसाठी नको.

इथं भाषा शिकायला येण्याची जी सर्वात चालती वाट आहे, ती मी स्वतः चाललो, म्हणून खरं काय ते सांगतो. बारावी झाल्यावर जपानी भाषाशाळेत प्रवेश घ्यायचा. त्याआधी साधारण १५० तास जपानी शिकल्याचा पुरावा लागतो. शाळा तुमच्या वतीनं इथल्या इमिग्रेशनकडे पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते, ते आलं की व्हिसा. वर्षाची फी सात-आठ लाख येन होते. राहणं-खाणं वेगळं. परवानगी काढली तर विद्यार्थ्याला आठवड्याला २८ तास काम करता येतं, आणि एजंट लोक हाच आकडा दाखवून सांगतात की मुलगा स्वतःचं स्वतः कमावेल.

मी कर्ज काढून आलो. रात्री डबे भरण्याच्या कारखान्यात उभा राहायचो आणि सकाळी वर्गात बाकावर मान पडायची. कारखान्यात बोलायला कोणी नाही, पट्टा फिरत राहतो. पहिलं वर्षभर माझी जपानी पन्नास-साठ शब्दांपलीकडे गेली नाही. ज्या भाषेसाठी घर सोडलं तिच्याच वर्गात मी झोपत होतो. पुढे सावरलो, पण ते वर्ष आठवलं की अजून दुखतं. म्हणून भाऊ, तिला कर्जावर पाठवू नका. ती आज जिथं आहे तिथूनच तिला बरंच पुढे जाता येतं.

पहिली गोष्ट, जेएलपीटी परीक्षा. जपानी भाषेची जगभर मानली जाणारी परीक्षा हीच. पाच पातळ्या, एन-५ सर्वात सोपी आणि एन-१ सर्वात अवघड. जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, आपल्याकडे पुणे आणि मुंबईला केंद्र आहे. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण ऐकण्याच्या भागात ६० पैकी किमान १९ वेगळे मिळवावे लागतात. मोबाइलवर एकट्यानं शिकलेली मुलं तिथंच अडकतात, कारण त्यांनी वाचलेलं असतं, ऐकलेलं नसतं. तिला आतापासून रोज अर्धा तास ऐकायला लावा. दीडशे कांजी येणाऱ्या मुलीला एन-५ चा बाकी भाग जड जाणार नाही.

आर्णीचा_मास्तर

धुऱ्यावरचा भाऊ, तुमच्या लेकीचं कौतुक वाटलं. तीस वर्षं शिकवतो आहे, कॅलेंडरच्या मागे कांजी गिरवणारी पोरगी माझ्या वर्गात कधी आली नाही.

आता कामाचं. परदेशात भाषा शिकण्याच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात आणि पालकांना त्या एकच वाटतात. एक म्हणजे विकली जाणारी सहल. दुसरी म्हणजे खरं विद्यार्थी-आदानप्रदान, ज्यात मूल तिथल्या घरात राहतं, तिथल्या शाळेत जातं, आणि ते घर यासाठी सहसा पैसे घेत नाही. ही दुसरी गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर वाढली. एएफएस ही संस्था मुळात युद्धात जखमींना उचलून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांची. १९४७ पासून त्यांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात पाठवायला सुरुवात केली. ज्यांनी माणसं मरताना पाहिली त्यांना वाटलं की पोरं एकमेकांच्या घरी जेवली पाहिजेत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

तुमच्या लेकीसाठी यातलं सगळ्यात जवळचं म्हणजे ‘एशिया काकेहाशी’. काकेहाशी म्हणजे पूल. जपानच्या शिक्षण मंत्रालयाच्या पैशानं २०१८ मध्ये हा उपक्रम सुरू झाला, आशियातल्या देशांमधली शाळकरी मुलं जपानी शाळांमध्ये काही महिने शिकायला नेली गेली. एएफएस तो चालवते आणि भारतातूनही मुलं गेली. निवड झालेल्या मुलाच्या शिक्षणाचा आणि प्रवासाचा भार शिष्यवृत्ती उचलते. चालू वर्षाची जाहिरात एएफएस इंडियाच्या संकेतस्थळावर पाहावी, वयाची अट नीट वाचावी, कारण ही सगळी दारं साधारण पंधरा ते अठरा या वयातच उघडी असतात. बारावी झाल्यावर कळून उपयोग नाही. आपल्याकडे नेमकं तेव्हाच कळतं.

रोटरीचंही युवा आदानप्रदान आहे. त्यासाठी पालक रोटरीचे सदस्य असावे लागत नाहीत, पण अर्ज स्थानिक क्लबमार्फतच जातो. त्यात विमानाचं भाडं, विमा, व्हिसा आपल्याकडे असतो, मात्र राहणं-जेवणं तिथल्या घरात. यवतमाळ, पुसदला क्लब आहे का ते विचारा आणि जाऊन समोरासमोर बोला.

कळंबचा_बाप

मी लिहावं की नाही असा विचार करत होतो. मुलाला युरोपात भाषेचा कोर्स म्हणून एका माणसाकडे पैसे भरले. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. साडेतीन लाख. पावती कोऱ्या कागदावर. व्हिसा नाकारला गेला, कारण ज्या शाळेचं पत्र लावलं होतं तिथं वर्ग आठवड्यातून दोनच दिवस होते आणि अशा कोर्सवर तेवढ्या मुदतीचा व्हिसा मिळतच नाही. हे त्या माणसाला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

पैशापेक्षा पोराचं वाईट वाटतं. आता गावात कुणी विचारलं की तो घरातून बाहेर निघत नाही. भाऊ, शाळेचं नाव मागा, त्या शाळेला तुम्ही स्वतः ईमेल करा, उत्तर आलं तरच पुढे जा. लेकीला जपानी येते ना, तिलाच लिहायला लावा.

धुऱ्यावरचा

कळंबच्या भाऊंनी लिहिलं त्याबद्दल खूप आभार. सोपं नव्हतं ते.

आज एजन्सीला फोन केला. व्हिसा कोणता विचारलं तर म्हणाले, ते आमच्यावर सोडा. तिथल्या वर्गाचं, शाळेचं नाव विचारलं तर म्हणाले, निघायच्या आठ दिवस आधी सांगू. मी पैसे भरले नाहीत. लेकीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं. आणि गच्चीवर गेली. मला त्या ‘बरं’चा फार त्रास झाला.

मृगबहार

काका, त्या ‘बरं’वर थांबू नका. मी वरूडकडची. आमची संत्र्याची बाग आहे. अकरावीत असताना मी वर्षभर उत्तर जर्मनीतल्या एका गावात राहून आले, आदानप्रदानातून. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

जायच्या आधी सगळे विचारत होते, तुला इंग्रजी येतं का. तिथं पोचल्यावर कळलं की माझ्या घरातल्या आजीला इंग्रजी माझ्याहून कमी येतं. पहिले तीन महिने मी जवळपास मुकी होते. संध्याकाळी ते लोक शिजवत नाहीत, ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो असं थंड जेवण मांडतात. मला वाटायचं, मी नको आहे म्हणून हे चूल पेटवत नाहीत. खोलीत जाऊन रडायचे. नंतर समजलं की त्या जेवणालाच संध्याकाळची भाकर म्हणतात आणि सगळ्यात महत्त्वाच्या गप्पा त्याच वेळी होतात. भूक अन्नाची नव्हती, शब्दांची होती.

माझी भाषा सुटली ती बागेमुळे. शाळेत प्रत्येकानं आपल्या गावाबद्दल बोलायचं होतं. मी आधी ताजमहाल, योग असं काहीतरी लिहून नेलं. शिक्षिका म्हणाल्या, हे आम्हाला माहीत आहे, तुझ्या घरचं सांग. मग मी संत्र्याच्या झाडाला ताण कसा देतात ते सांगितलं. पाणी तोडायचं, झाड सुकत आलं, पानं मलूल झाली की मग पाणी सोडायचं, आणि झाड फुलांनी भरतं. आंबिया बहार आणि मृग बहार म्हणजे काय, आम्ही कोणता धरतो आणि का. मला ‘ताण’ला शब्द सापडेना. मी फळ्यावर झाड काढलं. एक मुलगा उठून म्हणाला, म्हणजे झाडाला तहान लावायची? मी म्हटलं, हो. तो शब्द मी त्याच्याकडून शिकले, तो माझ्याकडून ताण शिकला. त्या दिवसापासून वर्गानं मला विचारायला सुरुवात केली आणि मला बोलावंच लागलं.

म्हणून तुमच्या लेकीला सांगा, निवडीच्या मुलाखतीतही हेच विचारतात, आणि तिनं पाठ केलेलं भाषण देऊ नये. पऱ्हाटीला बोंडअळी लागते तेव्हा घरात काय होतं, वेचणीला कोण येतं, काट्यावर माप कसं होतं, हे तिच्या तोंडून आलं तर समोरचा माणूस ऐकत राहील. शहरातल्या मुलांकडे हे नसतं.

एक तोटा सांगते. परत आल्यावर मला अकरावी पुन्हा करावी लागली. जायच्या आधी प्राचार्यांशी नीट बोलून, लेखी घेऊन जायला हवं होतं.

वैनगंगेची

मुलगी एकटी, सोळा-सतराची, अनोळखी घरात. मी स्वतः बाहेर जाण्याच्या तयारीत आहे तरी ही काळजी मला खोटी वाटत नाही. मृगबहार, यावर सांगशील का?

मृगबहार

सांगते ना. आईनं मला हाच प्रश्न विचारून विचारून हैराण केलं होतं. चांगल्या संस्था घराची आधी पाहणी करतात, घरातल्या मोठ्या माणसांची चौकशी होते. शिवाय घरापासून वेगळा एक माणूस गावातच नेमलेला असतो, तो महिन्यातून भेटतो आणि विचारतो, कशी आहेस. मला पहिलं घर जमलं नाही. वाईट नव्हते, पण दोघंही दिवसभर कामाला आणि मी एकटी. माझ्यासाठी नेमलेल्या बाईंना सांगितलं, दीड महिन्यात घर बदललं. कुणी रागावलं नाही. जी संस्था ‘घर बदलता येतं का’ या प्रश्नाला अडखळते, तिच्याकडे पाठवू नये.

वैनगंगेची

मन हलकं झालं. मी गडचिरोली जिल्ह्यातली, नर्सिंग केलं आहे, नागपूरला राहून जर्मन शिकते आहे. २०२४ मध्ये आपल्या राज्याचा जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून आमच्याकडे मुली जर्मनचं नाव घ्यायला लागल्या. माझं ते कामासाठीचं शिकणं आहे, तुमच्या लेकीचं आवडीचं. पण एक सारखं आहे: जर्मनच्या बी-१ पातळीपर्यंत मी घरी गोंडी, वॉर्डात मराठी-हिंदी आणि वर्गात जर्मन अशी दिवसभर उड्या मारत राहिले. आधी वाटायचं, माझा गोंधळ होतो. आता वाटतं, ज्यांना लहानपणापासून तीन भाषांत राहायची सवय आहे त्यांना चौथीची भीती कमी असते. पुसदकडे तर बंजारा तांडे आहेत, तुमची लेक गोरमाटीही समजत असेल.

धुऱ्यावरचा

समजते. तिची मैत्रीण तांड्यावरची आहे, दोघी एकमेकींच्या भाषेत बोलतात. मी हे कधी भाषा येणं म्हणून धरलंच नव्हतं.

बोलीवेडा

धागा वाचून राहवलं नाही. मी भाषाविज्ञान शिकलो आहे, मूळ गाव दिग्रसजवळ. भाऊ, तुमच्या लेकीला कुणीतरी हे सांगायला हवं की जपानी शिकायला तिची वऱ्हाडी ही मोठी शिदोरी आहे. माझा हा आवडता विषय आहे, जरा लांबेल.

इंग्रजीतून जपानी शिकणारा वाक्य उलटं करत बसतो. आपल्याला उलटं करावं लागत नाही. ‘वाताशि वा होन ओ योमिमास’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’, क्रियापद शेवटी, जसं आपलं. त्यांचे प्रत्यय शब्दाच्या मागे लागतात, ‘टोकियो नि’ म्हणजे ‘टोकियोला’. वाक्याच्या शेवटी ते ‘ने’ लावतात, आपण ‘ना’ लावतो, आणि कामही बरंचसं तेच.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘ताबेते’ म्हणजे ‘खाऊन’. ‘ताबेते मिरु’, यातलं मिरु म्हणजे पाहणे. खाऊन पाहणे! आपणही ‘खाऊन पाहा’ असंच म्हणतो, डोळ्यांनी काही पाहायचं नसतं तरी. ‘कात्ते ओकु’ म्हणजे घेऊन ठेवणे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजी पुस्तकात यातल्या प्रत्येकावर पानभर स्पष्टीकरण असतं, आपल्या आजीला ते एका ओळीत कळेल.

आणि वऱ्हाडी म्हणून जे म्हणतो ते हे. ‘ताबेते इरु’ म्हणजे खाणं चालू आहे. पुस्तकी मराठीत ‘खातो आहे’. वऱ्हाडीत? ‘खाऊन राह्यलो’. ‘ऊन’ अधिक राहणे. जपानीत ‘ते’ अधिक असणे. रचना जवळजवळ तीच. शाळेत जे वाक्य बोललं म्हणून आपल्याला सुधारलं जातं, तेच वाक्य जपानीच्या दारातलं पहिलं पाऊल आहे. दोन्ही भाषांचं नातं आहे असं मी म्हणत नाही, नातं नाही. घडण मात्र जुळते.

उच्चारातही. त्यांचा ‘त्सु’ हिंदीवाल्यांना जड जातो. आपल्या ‘चूल’मधला ‘च’ म्हणा, पोचलात. अवघड आहे ते वेगळंच: आदराचे थर, मोजण्याचे शब्द, चपट्या वस्तूला एक, लांब वस्तूला दुसरा, आणि अर्थात कांजी. पण कांजीला ती घाबरत नाही असं दिसतंय.

वर्धेकाठची

हे वाचून अंगावर काटा आला.

आमच्याकडे जपानी रोज ऐकू येतं, लोकांच्या लक्षात नसतं एवढंच. सेवाग्राम आश्रमाची प्रार्थना ‘नम्यो हो रेंगे क्यो’ने सुरू होते. जपानचे बौद्ध भिक्षू फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, तेव्हापासूनचा तो धागा. मी लहानपणी ती ओळ संस्कृत समजून म्हणत होते. आणि नागपूरचे भदन्त सुरई ससाई तर साठच्या दशकात जपानहून आले आणि इथलेच झाले, आपल्या लोकांशी आपल्या लोकांच्या भाषेत बोलत राहिले. म्हणजे जपानहून विदर्भात येणारी माणसं आधीच आली आहेत, तुमची लेक तिकडे निघाली तर वाट नवी नाही.

वर्ध्यात महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, १९९७ पासून. परदेशी मुलं हिंदी शिकायला येतात. आमच्या शेजारी अशा मुली भाड्यानं राहायच्या. एकीला मी भाजी आणायला घेऊन जायचे. ती ‘सांबार’ म्हणायला शिकली आणि मग तिच्या हिंदीच्या वर्गात सांबार म्हटल्यावर कुणाला कोथिंबीर कळेना. घरी येऊन मला विचारते, दीदी, तुम्ही मला कोणती भाषा शिकवली? तिला मी सांगितलं, माझी.

भाऊ, तिला सुट्टीत इकडे घेऊन या. आमच्याकडे उतरा. अशा मुलींशी बोलली तर परदेशात शिकणं म्हणजे काय हे तिला पत्रकापेक्षा चांगलं कळेल.

निळा_पळस

बोलीवेडा, पाच वर्षं इथं राहून ‘खाऊन राह्यलो’ माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आज कामावर दिवसभर तेच घोळत होतं.

भाऊ, एक राहिलं होतं. तुमची लेक कला शाखेत आहे, तर बारावीनंतरची माझ्या मते सर्वात चांगली आणि स्वस्त वाट ही: जपानी विषयात पदवी. दिल्लीच्या जेएनयूमध्ये जपानी बी.ए. आहे, प्रवेश सीयूईटी या देशभरच्या प्रवेश परीक्षेतून. शांतिनिकेतनलाही विश्वभारतीत जपानी आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, जपानीचे अभ्यासक्रम चालतात. एखाद्या विद्यापीठात जपानी मुख्य विषय घेतला की जपान सरकारची ‘जपानी अभ्यास’ शिष्यवृत्ती मागता येते. त्यात वर्षभर जपानी विद्यापीठात, फी नाही, जाण्या-येण्याचं तिकीट आणि दरमहा खर्चाला पैसे. त्यांची पूर्ण पदवीची शिष्यवृत्तीही आहे, पहिलं वर्ष नुसतं भाषेचं आणि दरमहा १,१७,००० येन, पण तिच्या लेखी परीक्षेला गणित आणि इंग्रजी चांगलं लागतं. अर्ज दूतावासामार्फत, मध्ये कुठलाही एजंट नाही. ज्यात मध्ये एजंट लागत नाही तिथं आधी जा.

आर्णीचा_मास्तर

यात भर. एम.ए. किंवा पीएच.डी.साठी बाहेर जायचं असेल तेव्हा अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. ती भाषा-सहलीसाठी नाही, तरी इथं वाचणाऱ्या मुलांना माहीत असावी. १९१३ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख शेतकऱ्याच्या घरातून एडिंबरा आणि ऑक्सफर्डला गेले, आणि परत येऊन त्यांनी खेड्यातल्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं उभी केली. मी त्यांच्याच संस्थेत शिकलो. कुणाचं तरी जाणं माझ्यापर्यंत पोचलं म्हणून मी मास्तर झालो.

आणि पासपोर्ट आजच काढायला घ्या. अठराच्या आतल्या मुलांना फी १,००० रुपये, मुदत पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत. पंधरा ते अठरा वयात १,५०० भरून दहा वर्षांचाही मिळतो, तोच घ्या. जन्मदाखला, आधार आणि दहावीची सनद यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते आधी पाहा. आपल्याकडे आडनावात आणि वडिलांच्या नावात हमखास फरक निघतो आणि निवड होऊनही मूल कागदापायी मागे राहतं. नागपूरलाच जावं लागतं असं नाही. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट केंद्रं उघडली आहेत, अर्ज भरताना जवळचं निवडता येतं.

पैनगंगाकाठ

मास्तर म्हनतात ते स्पेलिंगचं खरं हाये. माह्या पुतन्याचं नाव तीन कागदावर तीन परकारचं होतं. सुदरवाले सहा मयने गेले.

धुऱ्यावरचा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी आलो. वेचणी सुरू होती.

जे झालं ते सांगतो. पासपोर्ट आला. आधारवर तिच्या आईचं नाव चुकलेलं होतं, ते आधी दुरुस्त केलं. काकेहाशीचं तिच्या वयात बसेल की नाही ते पाहतो आहोत, अर्ज तिनं स्वतः भरला आहे. त्यात ‘तुमच्या गावाबद्दल लिहा’ असा रकाना होता. तिनं काय लिहिलं मला दाखवलं नाही, पण दोन दिवस तिच्या आजीला विचारत होती की आधी सरकी कशी पेरायचे, तिफण कोण धरायचं, पेरताना बाया काय म्हणायच्या. माझी माय पंचाहत्तरीची आहे, तिला इतकं बोलताना मी कित्येक वर्षांनी पाहिलं.

वर्धेच्या ताईंकडे दोन दिवस राहून आलो. ताई, तुमचं ऋण आहे. सेवाग्रामला प्रार्थनेला बसलो तेव्हा पहिली ओळ सुरू झाली आणि लेकीनं माझा हात दाबला.

डिसेंबरच्या एन-५ चा फॉर्म भरला, केंद्र पुणे मिळालं. चुलतभाऊ तिकडे कंपनीत आहे, त्याच्याकडे उतरणार आहोत. निळा_पळस भाऊ, तुम्ही सांगितल्यापासून रोज अर्धा तास ऐकते, आता आम्हालाही काही शब्द ऐकून ऐकून कळतात. एजन्सीला देणार होतो त्यातला रुपया मोडला नाही, सोनं घरातच आहे.

आज संध्याकाळच्या बसनं निघतो आहे. मघाशी आजीच्या पाया पडून ती म्हणाली, इत्ते किमास. माझ्या मायनं विचारलं, हे काय व? ती म्हणाली, आजी, जपानी माणूस घरून निघताना असं म्हणतो. जाऊन येतो.

माय म्हणाली, मंग आपल्यावानीच म्हनतात ना व ते. जाऊन ये माय.

बोलीवेडा

भाऊ, आजींनी जे उत्तर दिलं, जपानी घरात तेच देतात. इत्तेराश्शाइ. जाऊन या.

निकाल लागला की इथं नक्की लिहा.